डावा पाय: वेम्ब्लीला न गेलेल्या एका आजोबांचं प्रकरण

आधी एवढं सांगते की यातले आजोबा, त्यांची मुलगी आणि केअर होम कुठलं ते ओळखू येऊ नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात आणि लिहायची परवानगी मुलीकडून घेतलीय. फुटबॉलचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत, त्यात मी कशाला बदल करू, तिथले म्हातारे मला सोडणार नाहीत.

पार्श्वभूमी

मी मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर स्कॉटलंडला आले आणि गेली काही वर्षं ग्लासगोजवळच्या एका केअर होममध्ये काम करते. माझं काम म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा दिवस जरा बरा जाईल असं काहीतरी करत राहणं, गाणी, बागकाम, केक, पत्ते, जे जमेल ते.

ज्यांच्याबद्दल लिहितेय ते आजोबा चौऱ्याऐंशीचे. (तिकडे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, चौऱ्याऐंशीच्या माणसाला नुसतं नावाने बोलवायला माझी जीभ अजून अडखळते, इथे मी आजोबाच म्हणणार.) आयुष्यभर ग्लासगोतल्या गव्हनच्या शिपयार्डात वेल्डर. पक्के रेंजर्सवाले, म्हणजे ग्लासगोतल्या दोन मोठ्या फुटबॉल क्लबांपैकी एकाचे (दुसरा सेल्टिक). बायको जाऊन सहा वर्षं झालेली, एक मुलगी, ती आठवड्यातून तीनदा यायची. अल्झायमर, मधल्या टप्प्यातला. बोलणं खूप कमी झालेलं, एखादा शब्द, नाहीतर नुसती मान. मला मात्र 'हेन' म्हणायचे. सुरुवातीला मला वाटलं कोंबडी म्हणतायत की काय, मग कळलं ग्लासगोत बायकांना प्रेमाने तसंच म्हणतात, आपल्या 'बाळ'सारखं.

अडचण

अडचण संध्याकाळची. साडेचार वाजले की आजोबा खुर्चीतून उठायचे, कोट शोधायचे, दाराशी जाऊन हँडल हलवत राहायचे. डिमेन्शियात संध्याकाळी अशी घालमेल होते हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात यांचं आयुष्य भोंग्यावर गेलेलं, शिफ्ट सुटायची वेळ अंगात मुरलेली. अडवलं की चिडायचे, एकदा एका मुलीचा हात असा पिरगळला की ती बिचारी आठवडाभर रजेवर. अंघोळ नको, जेवण अर्धं, रात्री झोप नाही. मुलगी आली तरी दाराशीच, तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, आणि ती गाडीत बसून रडून मग घरी जायची हे मला पार्किंगमधून दिसायचं.

कोणते पर्याय होते

मीटिंगमध्ये चार गोष्टी निघाल्या.

पहिली म्हणजे औषध. डॉक्टर स्वतःच फारसे राजी नव्हते, कारण डिमेन्शियाच्या माणसाला शांत करायला जी औषधं देतात त्यांनी पक्षाघाताचा आणि मरणाचाही धोका वाढतो, पडायची भीती वेगळी. शेवटचा उपाय म्हणून ठेवू म्हणाले. दुसरी, त्या वेळेला एक माणूस कायम सोबत देणं, म्हणजे रोज दोन तास एक स्टाफ बांधला जाणार, माणसं आहेत कुठे. तिसरी, साडेचारला दार उघडून त्यांना सरळ बाहेर फिरवून आणणं. ही मला आवडली होती आणि उन्हाळ्यात ती चाललीही, पण स्कॉटलंडच्या डिसेंबरात साडेचारला मिट्ट काळोख आणि आडवा पाऊस.

चौथी गोष्ट फुटबॉल. तिकडे 2009 पासून अल्झायमर स्कॉटलंड ही संस्था आणि ग्लासगोतल्या हॅम्पडन स्टेडियममधलं स्कॉटिश फुटबॉल म्युझियम मिळून फुटबॉलच्या आठवणींचे गट चालवतात. जुन्या खेळाडूंचे, मैदानांचे फोटो, त्यावर गप्पा, सोबत चहा, बिस्किटं. कल्पना साधी आहे, साधारण दहा ते तीस वयातल्या आठवणी माणसाच्या सगळ्यात पक्क्या असतात, त्या बाकीच्यांपेक्षा जास्त काळ तग धरतात. संशोधनवाले म्हणतात की अशा गटांचा फायदा लहान असतो आणि सगळीकडे सारखा दिसत नाही. चार्ज नर्सने तेच बोलून दाखवलं, "फार आशा ठेवू नको." तिचं बरोबर होतं, पण खर्च शून्य होता, म्हणून तिनेच हो म्हटलं.

आणि खरं सांगायचं तर मी भांडले ते माझ्यासाठी पण. आमच्याकडे कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण या दोन टीमची मॅच असली की अख्खी पेठ शाहू स्टेडियमला, माझे काका चाळीस वर्षांपूर्वीच्या गोलवर अजून भांडतात. त्यामुळे एखाद्या माणसात बाकी काही उरलं नसेल तरी फुटबॉल उरला असेल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

काय केलं

पहिला प्रयत्न सपशेल फसला. मी हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर रेंजर्सची चालू सीझनची मॅच लावली. आवाज, भडक जाहिराती, दर दोन मिनिटाला रिप्ले, आजोबांना बॉल कुठे गेला तेच कळेना, दहा मिनिटांत उठले आणि दाराशी. आपण एवढा वेळ भूतकाळ भूतकाळ करत होतो आणि लावलं काय तर आजचं, ही माझी अक्कल.

मग जुने काळे-पांढरे फोटो प्रिंट करून आणले, पोस्टकार्डाएवढे. टेबलावर एकावेळी एकच. वेळ चारची, म्हणजे घालमेल सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, हा वेळेचा मुद्दा नंतर फार कामाला आला. पहिले तीन-चार फोटो त्यांनी नुसते बाजूला सारले. पाचवा जिम बॅक्स्टरचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बॅक्स्टर म्हणजे फाइफमधल्या हिल ऑफ बीथ या कोळसाखाणीच्या गावचा पोरगा, स्वतः खाणीत काम केलेला, 1960 मध्ये रेथ रोव्हर्स क्लबकडून रेंजर्सने साडेसतरा हजार पौंडाला घेतला, तेव्हा स्कॉटलंडमध्ये तो विक्रम होता. हडकुळा म्हणून 'स्लिम जिम'. धावायला नको, टॅकल करायला नको, पण डाव्या पायाने बॉल असा सोडायचा की सुईत दोरा. 1963 मध्ये वेम्ब्लीला, म्हणजे लंडनमधल्या इंग्लंडच्या मैदानावर, इंग्लंडविरुद्ध सुरुवातीच्या काही मिनिटांतच कॅप्टन एरिक काल्डोचा पाय मोडला, तेव्हा बदली खेळाडू नसायचे, दहा जणांत स्कॉटलंड 2-1 जिंकलं आणि दोन्ही गोल बॅक्स्टरचे.

आजोबांनी फोटो उचलला. डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. अंगठ्याने फोटोतल्या बुटावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "डावा. सगळं डाव्यानेच." सहा महिन्यांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. आणि टेबलाखाली बघते तर त्यांचा स्वतःचा डावा पाय, चपलेतला, आतल्या बाजूने हळूच काहीतरी ढकलत होता. बॉल नव्हता तिथे. दुसऱ्या दिवशी मी एक मऊ फोमचा बॉल आणला आणि काही न बोलता खुर्चीखाली सोडून दिला.

तीन आठवडे मस्त गेले. वाक्यं वाढली. चार ते पाच आजोबा टेबलाशी, पाय बॉलवर. साडेचारला घड्याळाकडे बघायचे, पण उठायचेच असं नाही.

पहिला पेच: वेम्ब्लीला कोण गेलं होतं

चौथ्या आठवड्यात 15 एप्रिल 1967 चा फोटो ठेवला. ही मॅच तिकडे देवघरात ठेवल्यासारखी आहे. इंग्लंड नऊ महिन्यांपूर्वी वर्ल्ड कप जिंकलेलं, ओळीने एकोणीस मॅच न हरलेलं, आणि वेम्ब्लीवर जाऊन स्कॉटलंडने त्यांना 3-2 हरवलं, लॉ, लेनॉक्स आणि मॅकॅलिअगचे गोल. डेनिस लॉला 1961 मध्ये इंग्लंडने 9-3 हरवलं होतं त्याचा हिशोब चुकता करायला भरपूर गोल हवे होते, बॅक्स्टरला मात्र गोलांपेक्षा इंग्लंडची मजा उडवण्यात रस, आणि त्याने मॅच चालू असताना मधेच उभं राहून पायावर बॉल उडवत बसायला सुरुवात केली. किपी-अपी म्हणतात तिकडे, आमच्यात जगलिंग. फिल्ममध्ये बघाल तर सगळा खेळ काही सेकंदांचा. पण म्हाताऱ्यांना विचारा, कुणी अर्धा मिनिट सांगतं, कुणी दोन मिनिटं. मॅच संपल्यावर लोक मैदानात घुसले आणि गवताचे तुकडे उपटून घरी घेऊन गेले. तेव्हापासून स्कॉटलंडवाले स्वतःला 'अनधिकृत जगज्जेते' म्हणवून घेतात, जरा गमतीत, बरंचसं खरंच.

आजोबा फोटो बघून म्हणाले, "मी होतो." आणि मग सुरूच झाले, रात्रीची ट्रेन, बिअरचे क्रेट, भाऊ, खिशात गवत. मी तर हवेत. संध्याकाळी मुलीला फोन करून सांगितलं, वाटलं ती आनंदाने उडी मारेल.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "ते गेलेच नव्हते. काका गेला होता."

गोष्ट अशी. तेव्हा दर दोन वर्षांनी वेम्ब्लीची मॅच असायची, आणि तिकडचे कामगार त्यासाठी आठवड्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकायचे, चक्क आपली भिशी. आजोबांनी दोन वर्षं भिशी भरलेली. आणि नेमकी मॅचच्या आठवड्यात ही मुलगी जन्माला आली. आजोबा थांबले, तिकीट मोठ्या भावाकडे गेलं. घरात ही गोष्ट तिच्या प्रत्येक वाढदिवसाला सांगितली जायची, "तुझ्यापायी मी बॅक्स्टर सोडला." लग्नात सुद्धा भाषणात सांगितली होती. आता आजोबांच्या डोक्यात भावाची आठवण स्वतःची होऊन बसली आणि तिच्या वाटणीची गोष्ट पुसली गेली.

आता काय करायचं? आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात की डिमेन्शियाच्या माणसाला दुरुस्त करू नका, त्यांच्या जगात जा. मीटिंगमध्ये सगळ्यांचं तेच मत पडलं, मला पण ते पटत होतं आणि मी मुलीला तसंच सांगितलं, जरा पुस्तकी भाषेत, आज आठवलं की लाज वाटते. ती म्हणाली, "तुला सोपं आहे, तुझा जन्म नाही पुसला गेला."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. प्रश्न फक्त आजोबांना बरं वाटण्याचा धरून मी चालले होते, पण आठवण एकट्याची नसते, घरातल्या बाकीच्यांचा पण तिच्यात हिस्सा असतो. मग आम्ही ठरवलं की स्टाफपैकी कुणी दुरुस्त करणार नाही, पण 'वा, तुम्ही वेम्ब्लीला होता!' असं म्हणून कुणी शिक्कामोर्तब पण करणार नाही. विचारायचं ते भावाबद्दल, ट्रेनबद्दल, गवताबद्दल. आणि मुलीने काय बोलायचं ते तिचं तिने ठरवावं, आम्ही त्यात पडणार नाही.

तिने दोन आठवडे काहीच बोललं नाही. मग एका गुरुवारी टेबलाशी बसून सहज म्हणाली, "डॅड, तुम्ही वेम्ब्लीला गेलात ना, त्याच आठवड्यात मी जन्मले." मी चहा ओतत होते, माझा हात थांबला.

आजोबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मग तुला हॉस्पिटलातून घरी आणायला कोण गेलं?"

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. आजोबांना कळेना काय झालं, त्यांनी खिशातला वापरलेला टिश्यू तिला दिला. त्यांना खरं आठवलं असं मी मुळीच म्हणणार नाही, पुढच्या आठवड्यात ते परत वेम्ब्लीला गेलेलेच होते. पण तिला जे हवं होतं ते बहुतेक तेवढ्यात मिळालं असावं, त्यानंतर पार्किंगमध्ये थांबणं बंद झालं.

मधला एक छोटा पेच

एक दिवस आजोबांनी विचारलं, "जिम हल्ली कुठे असतो?" बॅक्स्टर 14 एप्रिल 2001 ला गेला. दारू आणि जुगाराने आयुष्याची वाट लागलेली, पब चालवला, 1994 मध्ये दोनदा लिव्हर बदललं, शेवटी पॅन्क्रियाजचा कॅन्सर. यातलं काय सांगणार? खोटं बोलायचं नव्हतं आणि प्रत्येक वेळी नव्याने मयताची बातमी पण द्यायची नव्हती. मी म्हटलं, "हिल ऑफ बीथला उभा आहे की." तिथे त्याचा पुतळा आहे, 2003 पासून. आजोबा म्हणाले, "त्याला उभं राहायलाच आवडायचं." विषय संपला. आमच्या टीममधल्या एकीला हे उत्तर चलाखीचं वाटलं आणि ती अजून तेच म्हणते.

जिथे मी चुकले

आता मुख्य चूक, हिच्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

सगळं छान चाललंय म्हटल्यावर मी फोटो वर्षाप्रमाणे लावून ठेवले, 60, 61, 62 असं करत. छान गठ्ठा. सत्तरीच्या पुढे आले आणि न वाचता पुढचा फोटो टेबलावर ठेवला. आयब्रॉक्सचा, म्हणजे रेंजर्सच्या मैदानाचा, जिना. वाकलेले, पिळवटलेले लोखंडी कठडे.

2 जानेवारी 1971, रेंजर्स-सेल्टिक. शेवटच्या क्षणी जिमी जॉन्स्टनने सेल्टिकसाठी गोल केला, लगेच कॉलिन स्टीनने बरोबरी केली, 1-1. लोक घरी निघाले आणि जिना नंबर तेरावर कुणीतरी पडलं, त्याच्यावर मागचे, त्यांच्यावर त्यांच्या मागचे. 66 माणसं गेली, त्यात शाळकरी पोरं पण. मला हे माहीत होतं! मला हे माहीत होतं आणि तरी मी तो फोटो ठेवला, कारण माझ्यासाठी तो '71' होता.

आजोबा फोटोकडे बघत बसले. काही बोलले नाहीत. पाय बॉलवरून उचलून खुर्चीखाली ओढून घेतला, एवढंच दिसलं मला. रात्री अकरानंतर खोलीतून आवाज यायला लागला, एक नाव घेऊन हाका. पुढच्या तीन रात्री तेच. दिवसा दाराशी, आता साडेचारलाच नव्हे तर कधीही.

मुलीला विचारलं तेव्हा तिने सांगितलं. आजोबा त्या दिवशी तिथे होते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडले, पण यार्डातला एक सोबती गर्दीत सुटला होता. रात्रभर त्याला शोधत हिंडले. तो सापडला, जिवंत, घरीच जाऊन बसला होता. पण त्या रात्रीचा विषय आजोबांनी घरात कधी काढला नाही, आईने मुलीला सांगितलेलं. मला हे आधी का नाही सांगितलं असं विचारायला मला तोंडच नव्हतं, कारण मी आधी विचारलंच नव्हतं. माझ्या फॉर्मवर 'आवडते खेळाडू', 'आवडता क्लब', 'कोणत्या मॅचला गेले होते' असे रकाने होते. 'काय दाखवू नये' असा रकाना नव्हता.

अजून एक. मी स्वतःला सावरायला त्या दुर्घटनेबद्दल पुन्हा वाचलं, आणि तिथे परत तोच वेम्ब्लीचा प्रश्न. वर्षानुवर्षं लोक सांगत आले की स्टीनच्या गोलचा आवाज ऐकून बाहेर पडलेले लोक माघारी फिरले आणि वरून येणाऱ्यांवर आदळले, म्हणून झालं. चौकशीत ते टिकलं नाही, सगळे एकाच दिशेने, खाली चालले होते. तरी आजही तिथे असलेली माणसं शपथेवर पहिली गोष्ट सांगतात. तिथे गेलेल्या माणसांच्या नातेवाइकांसमोर कुणी तशी गोष्ट सांगितली तर मी गप्प बसेन का? नाही बसणार. वेम्ब्लीला गेलो होतो म्हणणाऱ्या आजोबांना सोडून द्यायचं आणि इथे मात्र बोलायचं, हे विसंगत आहे असं चार्ज नर्स म्हणाली. असेल. कधी बोलावं आणि कधी सोडावं याची सरसकट रेघ मला मारता आलेली नाही.

सावरायला काय केलं: फोटो काढून टाकले सगळे, दहा दिवस फुटबॉल बंद, फक्त फोमचा बॉल खुर्चीखाली. रात्री हाका आल्या तर ज्याची ड्यूटी असेल त्याने जाऊन एवढंच म्हणायचं, "तो घरी पोचला." हे खरंच होतं, त्यामुळे सगळ्यांना बोलायला सोपं गेलं. चौथ्या रात्री झोपले. अकराव्या दिवशी बॅक्स्टर परत टेबलावर, तोच पहिला फोटो.

हिरवे आजोबा

दुसऱ्या विंगमध्ये एक सेल्टिकवाले आजोबा होते, डोक्याने बरेच शाबूत, पार्किन्सन्स. ते स्वतः येऊन म्हणाले मला पण बसू दे. ऑफिसमधून लगेच नको म्हणून आलं, रेंजर्सचा निळा आणि सेल्टिकचा हिरवा एका टेबलाला म्हणजे भांडण, त्यात धर्माचं जुनं दुखणं, रेंजर्स प्रोटेस्टंटांचा आणि सेल्टिक कॅथलिकांचा मानतात. मला पण धाकधूक होती, पाटाकडीलवाल्याला शिवाजीवाल्याशेजारी बसवून बघा.

पण मी 1967 च्या वेम्ब्लीच्या टीमची नावं काढून बघितली. गोलकीपर रॉनी सिम्पसन, छत्तीस वर्षांचा, देशासाठी पहिलीच मॅच, सेल्टिकचा. गेमेल, वॉलेस, लेनॉक्स सेल्टिकचे. ग्रेग आणि मॅककिनन रेंजर्सचे. बॅक्स्टर तेव्हा इंग्लंडमधल्या संडरलंड क्लबचा. म्हणजे हा एक फोटो असा की दोघांचाही. आणि बॅक्स्टर रेंजर्सचा असताना त्याची उठबस सेल्टिकच्या पोरांबरोबर असायची, हे हिरव्या आजोबांनीच मला सांगितलं, वर म्हणाले की म्हणून त्याला शिव्या घालताना सुद्धा आम्हाला जरा लाज वाटायची.

एक नियम केला: क्लबचे स्कार्फ, झेंडे, गाणी टेबलावर नाहीत. पहिल्या दिवशी दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी हिरव्यांनी खाली वाकून, थरथरत्या हाताने, निसटलेला फोमचा बॉल निळ्यांच्या पायाशी सरकवला.

हिरव्यांचा माणूस म्हणजे बिली मॅकनील, 25 मे 1967 ला लिस्बनमध्ये युरोपियन कप उचलणारा सेल्टिकचा कॅप्टन. 2017 मध्ये त्याच्या घरच्यांनी त्याला डिमेन्शिया आहे हे जाहीर केलं, 2019 मध्ये तो गेला. त्याच वर्षी ग्लासगो युनिव्हर्सिटीचा मोठा अभ्यास आला, 7,676 माजी खेळाडूंचा, त्यांच्यात मेंदूच्या अशा आजारांनी मरण्याचं प्रमाण साध्या लोकांच्या साडेतीन पट निघालं. हिरव्या आजोबांनी हे पेपरात वाचलेलं. एकदा ते निळ्यांकडे बघून मला हळूच म्हणाले, "यांनी आयुष्यात एकदा डोक्याने बॉल मारला नसेल, तरी हे असंच." मला उत्तर सुचलं नाही.

निकाल

जादू झाली नाही. दाराशी जाणं रोजचं होतं ते आठवड्यातून दोन-तीनदा वर आलं. औषध लागलं नाही. अंघोळीचं भांडण होतं तसंच राहिलं, तिथे बॅक्स्टर पण काही करू शकला नाही. आजार पुढे सरकतोच, आठ-नऊ महिन्यांनी आजोबा फोटोतल्या माणसाला ओळखेनासे झाले. फोटो हातात घेतात, उलटा धरतात, ठेवून देतात. वेम्ब्ली पण गेली, भावाची गेली, मुलीची पण. तिच्याकडे मी तिच्या परवानगीने केलेलं एक रेकॉर्डिंग आहे, अकरा मिनिटांचं, त्यात ते ट्रेन आणि गवताबद्दल बोलतात. ती म्हणते, सगळं खोटं आहे आणि मी रोज ऐकते. काकाने ते गवत मागच्या अंगणात लावलं होतं म्हणे, ते घर विकून वीस वर्षं झाली.

परत करायचं झालं तर

एकही फोटो दाखवायच्या आधी घरच्यांशी तासभर बसेन, आणि आवडीआधी विचारेन की कशाने त्रास होईल. ग्लासगोच्या त्या वयाच्या कुठल्याही माणसाला 2 जानेवारी 1971 ला कुठे होता हे तर विचारायलाच हवं. आता आमच्या फॉर्मवर तो रकाना आहे, सगळ्यात वर.

मुलीला पहिल्या दिवसापासून टेबलाशी घेईन. मी तिला फोनवर बातमी दिली, ती समोर असती तर आजोबा बोलत असतानाच कळलं असतं आणि कसं घ्यायचं ते तिने तिथेच ठरवलं असतं.

रेकॉर्डिंग लवकर सुरू करेन. मी पाचव्या महिन्यात केलं, तोवर सगळ्यात चांगली बडबड होऊन गेली होती.

फोटो वर्षाप्रमाणे लावणार नाही. ते म्युझियमचं काम.

आणि हिरव्या आजोबांना आधी बोलावेन. आता निळे आजोबा फारसं बोलत नाहीत, पण गुरुवारी चारला दोघं बसतात, फोटो असो नसो. हिरवे आजोबा दर गुरुवारी तेच म्हणतात, "तुमचा जिम चांगला होता हो, पण आमच्याकडे आला असता तर अजून चांगला झाला असता." याला निळ्यांचं उत्तर येत नाही. मागच्या गुरुवारी मात्र बॉल आला तो जरा जोरात, सरळ हिरव्यांच्या नडगीवर, डाव्यानेच.

"बघितलंस?" हिरवे आजोबा मला म्हणाले. "ऐकू येतं त्यांना सगळं."